वीज नसताना विहिरीचं आणि बोअरचं पाणी कसं काढायचं

पुढचं वाचण्याआधी एक काम करून घ्या. तुमच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी आज किती खोलीवर आहे, ते मोजा. वीज नसताना पाणी काढायचे बरेच मार्ग आहेत. त्यातला तुमच्या उपयोगाचा कोणता, हे खर्चापेक्षा, जागेपेक्षा आणि ताकदीपेक्षाही पाण्याच्या खोलीवर ठरतं.

हे मी अनुभवाने सांगतो. एका वादळानंतर आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती. बोअरला पाणी होतं. वर बसवायचा साधा हापसा आणला, पाइप खाली सोडला आणि घरातले सगळे आळीपाळीने दिवसभर दांडा मारत राहिलो. थेंब वर आला नाही. वायसर बदलला, सांधे पुन्हा आवळले, तरी तेच. हापशात काहीच दोष नव्हता. आमचं पाणी ९ मीटरवर होतं, आणि वर बसवलेला कोणताही पंप इतक्या खालून पाणी ओढू शकत नाही. आधी दोरी सोडून मोजलं असतं, तर तो दिवस आणि तो खर्च दोन्ही वाचले असते.

खोली मोजायची कशी

उघड्या विहिरीला सोपं आहे. न ताणणारी दोरी, टोकाला वजन, आणि दर मीटरला गाठ किंवा रंगाची खूण. दोरी ढिली पडली की पाणी लागलं. विहिरीच्या काठापासून मोजा, कारण पाणी तुम्हाला काठापर्यंतच उचलायचं आहे.

बोअरला जरा जपून करावं लागतं. आधी मोटरचा मेन स्विच बंद करा आणि बोअर काही तास निवांत राहू द्या. झाकण काढून बारीक दोरी सोडा. टोकाला गुळगुळीत, बारीक वजन हवं. कडा असलेलं काही बांधलंत, तर ते केबलमध्ये किंवा पाइपच्या सांध्यात अडकेल. एक बाजू बंद असलेली छोटी धातूची नळी उघडं तोंड खाली करून बांधली, तर पाण्याला लागताच ‘डुब्ब’ असा स्पष्ट आवाज येतो. दोन-तीनदा वर-खाली करून खात्री करा.

हा झाला स्थिर पाण्याचा आकडा. दुसरा आकडाही हवा. अर्धा तास उपसा करा आणि लगेच पुन्हा मोजा. झरे कमी असतील तर पाणी बरंच खाली गेलेलं दिसेल. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत हे मोजमाप पुन्हा करा आणि तिन्ही आकडे स्टार्टरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. साधन निवडताना सगळ्यात खोल आकडा धरायचा.

७ मीटरची हद्द

पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण पाणी ओढलं जात नाही. पंप नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला खालून वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. गॅलिलिओच्या काळात पंप बनवणाऱ्यांनाही हाच अडथळा आला होता. त्याचं कारण इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने १६४३च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवून दिलं. गळते सांधे, नळीतलं घर्षण आणि वायसरची झीज धरली, तर हातात सुमारे ७ मीटर उरतात. उंच डोंगराळ भागात त्याहूनही कमी. दर १००० मीटर चढाला साधारण एक मीटर वजा करा.

ही हद्द हापशाला लागू आहे, तशीच पायाने चालवायच्या पंपाला, जमिनीवरच्या मोनोब्लॉकला (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या संचाला) आणि पेट्रोल इंजिनाच्या पंपालाही लागू आहे. कितीही अश्वशक्तीचं इंजिन लावा, हवेचा दाब वाढत नाही. पाणी याहून खोल असेल तर पंप पाण्यात उतरवून पाणी खालून ढकलावं लागतं, किंवा भांड्यात भरून वर आणावं लागतं.

किती पाणी हवं, किती ताकद लागते

आपत्तीतल्या मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरतात: पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता. पाच माणसांच्या घराला ७५ लिटर. संडास, आंघोळ, कपडे धरले की हा आकडा २०० ते २५० लिटरवर जातो. जनावरं असतील तर त्यांचं वेगळं धरा.

आता ताकदीचा हिशेब. २०० लिटर पाणी २० मीटर वर आणायला सुमारे ३९,००० ज्यूल, म्हणजे ११ वॉट-तास लागतात. सवयीचा माणूस सलग काम करताना साधारण ६० वॉट देऊ शकतो. साधनात निम्मी ताकद वाया गेली असं धरलं, तरी हे काम २०-२५ मिनिटांचं आहे. म्हणजे विजेवाचून घर चालवायला अफाट शक्ती लागत नाही, साधन पाण्यापर्यंत पोचायला हवं.

पंपाआधी टाकी

साठवणीकडे लोक दुय्यम गोष्ट म्हणून बघतात, आणि ते मला चुकीचं वाटतं. १००० लिटरची भरलेली टाकी पाच माणसांना माणशी १५ लिटरने तेरा दिवस पुरते. अडचण एवढीच की वीज जाते तेव्हा टाकी भरलेली असेलच असं नाही, आणि वीज गेल्याचं कळेपर्यंत अर्धी टाकी आंघोळीत संपते.

त्यावर एक उपाय आहे. टाकीला दोन तोट्या काढा. घरात जाणारी नेहमीची लाइन तळापासून पाव उंचीवर जोडा आणि अगदी तळाशी एक वेगळा नळ बसवा, जो रोज वापरायचा नाही. घरातलं पाणी संपलं तरी टाकीत पाव पाणी शिल्लक राहतं. ते शिळं होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा तळाचा नळ सोडून ते झाडांना द्या. टाकीकडे चढणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का, तेही बघा. काही जोडण्यांत तो नसल्यामुळे मोटर थांबली की टाकीतलं पाणी उलट विहिरीत उतरतं.

उघडी विहीर असेल तर

दोर, पोहरा आणि कप्पी. यांना जुनाट समजून टाळू नका. उघड्या विहिरीला याहून भरवशाची दुसरी सोय नाही. पण ती नीट बसवायला हवी.

ज्या तुळईला कप्पी टांगायची, तिला आधी भरलेल्या पोहऱ्याच्या किमान तिप्पट वजन लटकवून बघा. कप्पीची खाच दोरापेक्षा रुंद आणि खोल असावी, नाहीतर दोर खाचेतून सुटून बाजूला अडकतो. दोर १२ मिलिमीटरच्या आसपास घ्या. याहून बारीक दोरही वजन सहज पेलतो, पण तो हाताला कापतो आणि ओल्या हातातून सटकतो. पोहरा १० लिटरपेक्षा मोठा नको. कडीला एका बाजूने थोडं वजन बांधलं, तर पोहरा पाण्यावर तरंगत न बसता कलून भरतो. दोराचं वरचं टोक खांबाला बांधलेलंच असू द्या.

कप्पीवरून एकाच दोराला दोन टोकांना दोन पोहरे बांधले, तर भरलेला वर येताना रिकामा खाली जातो. पोहऱ्यांचं वजन एकमेकांना तोलतं, तुम्ही फक्त पाणी उचलता. खोल विहिरीला हा फरक खांद्यांना लगेच जाणवतो.

वयस्कर माणसांना पाणी काढावं लागणार असेल, तर हाताने फिरवायचा रहाट बसवा. दांडी आसापासून ४० सेंटिमीटर लांब असेल आणि दोर गुंडाळायच्या लाटेची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल, तर १० किलोचा भार हाताला अडीच किलोसारखा लागतो. मात्र दात्यांचं चाक आणि अडकण लावल्याशिवाय रहाट वापरू नका. भरलेला पोहरा हातून सुटला की दांडी उलट फिरते, आणि त्या फटक्याने मनगट मोडतं.

पोहरा कधीतरी विहिरीत पडणारच. तीन-चार आकड्यांचा गळ आणि त्याचा वेगळा दोर काठाजवळ तयार ठेवा. पोहरा काढायला विहिरीत उतरायचं नाही. यावर पुढे आणखी लिहिलं आहे.

पोहरा जमिनीवर ठेवायचा नाही, हेही घरात सगळ्यांना सांगा. काठावरचा चिखल, चपलांची घाण, जनावरांची घाण पोहऱ्याच्या बुडाला लागून थेट पिण्याच्या पाण्यात जाते. पोहऱ्यासाठी खुंटी लावा आणि दोराची गुंडाळी वर टांगा.

दोर-पंप

उघड्या विहिरीला कायमची सोय करायची असेल, तर मी दोर-पंपाची शिफारस करेन. निकाराग्वात १९८०च्या दशकापासून तो घरोघरी पसरला आणि तिथून इतर देशांत गेला. रचना अशी: एका अखंड दोराला दर मीटरला रबराची किंवा प्लास्टिकची गोल चकती. दोर वर एका चाकावरून फिरतो, पाण्यात खालच्या वळणातून जातो आणि पीव्हीसी पाइपातून वर येतो. प्रत्येक चकती आपल्यावरचं पाणी ढकलत आणते. पाणी वरच्या तोटीतून सतत पडत राहतं.

इथे नेमकं जमवायचं ते चकती आणि पाइपमधलं अंतर. चकती घट्ट असेल तर चाक फिरत नाही, ढिली असेल तर पाणी निसटतं. चकती पाइपातून हाताने सहज सरकावी, पण डुगडुगू नये. पाइपचा व्यास खोलीप्रमाणे कमी करत जायचा: १० मीटरपर्यंत साधारण एक इंच, २० मीटरपर्यंत पाऊण इंच, त्याखाली अर्धा इंच. कारण हाताला पाइपातल्या सगळ्या पाण्याचं वजन उचलावं लागतं. २५ मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर पाइपात सुमारे ५ किलो पाणी असतं. ३० मीटरला तेच १५ किलो होईल, आणि मुलांना चाक फिरणार नाही. चाकासाठी जुन्या टायरच्या कडा कापून वापरतात, दोर त्यात चांगला पकड धरतो. खालच्या वळणाचा ठोकळा तळापासून किमान अर्धा मीटर वर ठेवा, म्हणजे गाळ येत नाही. विहिरीचं तोंड झाकून त्यावर पंप बसवता येतो आणि पाणी स्वच्छ राहतं, हा याचा मोठा फायदा आहे.

बोअर असेल तर: लांब नळीचा पोहरा

बोअरच्या तोंडात बादली जात नाही. तिथे बारीक, लांब नळीचा पोहरा लागतो, ज्याच्या बुडाला फक्त आत उघडणारी झडप असते. पाण्यात गेला की झडप उघडते, वर ओढला की पाण्याच्याच वजनाने बंद होते.

घरी करायचा असेल तर:

१. केसिंगच्या (बोअरच्या आतल्या संरक्षक पाइपच्या) आतल्या व्यासापेक्षा निदान २५ मिलिमीटर कमी व्यासाचा, पिण्याच्या पाण्यासाठी चालणारा नवा पीव्हीसी पाइप घ्या. सांडपाण्याचा जुना पाइप नको. ७५ मिलिमीटर आतला व्यास आणि १.२ मीटर लांबी असेल, तर त्यात ५ लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी मावतं.

२. बुडाला टोपण बसवा आणि त्याला मधोमध भोक पाडा. भोकाहून मोठा, पाण्यात बुडणारा गोळा आत टाका. गोळा फार वर जाऊ नये म्हणून त्याच्यावर तीन-चार सेंटिमीटरवर आडवी स्टीलची पिन घाला. गोळा नको असेल तर पितळी फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या बुडाला लावायची तयार झडप) बसवता येतो. तो जड असल्याने पोहरा पटकन बुडतोही.

३. वरच्या टोकाला आरपार बोल्ट घालून कडी करा. दोर न सरकणाऱ्या फासाने बांधा आणि गाठीचं टोक दुहेरी आवळा.

४. चिकटवलेले सांधे पूर्ण दिवसभर वाळू द्या. मग दोन-तीनदा पाणी भरून ओतून टाका. बादलीत उभा करून झडप तपासा: मिनिटभर पाणी थांबलं पाहिजे.

पाणी काढताना दोर सैल सोडून पोहरा आपटू देऊ नका. वर आल्यावर स्वच्छ भांड्यात उभा धरा आणि खालून गोळा वर दाबा, पाणी बुडातूनच रिकामं होतं. ३० मीटरवरून एका खेपेला दोन-तीन मिनिटं लागतात. ७५ लिटरला पंधराएक खेपा, म्हणजे पाऊण तास जातो.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. बोअरमध्ये सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेला मोटर-पंप) बसवलेला असेल, तर पोहरा सोडू नका. तो केबल आणि पाइपच्या मध्ये अडकतो आणि मग मोटरही गमवावी लागते. ‘मोटर वर काढून घेऊ’ हा विचारही घाईत करू नका. ३० मीटर पाइप, त्यातलं २०-२५ किलो पाणी, मोटर आणि केबल धरून ५० किलोच्या वर भार होतो. त्याला तिपाई, चेन-पुली आणि पाइप पकडायचे क्लॅम्प लागतात. अशा घरांनी पुढच्या दोन मार्गांकडे बघावं.

खोल पाण्याचा हातपंप

यात दांडा वर असला तरी पाणी उचलणारा सिलिंडर खाली पाण्यात असतो आणि लांब सळ्यांनी चालतो. म्हणून त्याला ७ मीटरची हद्द नाही. इंडिया मार्क टू हा १९७०च्या दशकात भारतात विकसित झालेला पंप याच जातीचा. तो पुढे अनेक देशांत गेला आणि साधारण ४५ मीटरपर्यंत चांगला चालतो. त्याच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर आहे. ३० मीटर खोलीला वरच्या पाण्याच्या स्तंभाचा भार सुमारे ९५ किलो होतो. दांड्याची तरफ ८ला १ अशी असल्याने हाताला साधारण १२ किलो लागतात. एका हेलकाव्याला ४०० मिलिलिटरच्या आसपास पाणी मिळतं.

सबमर्सिबल असलेल्या बोअरमध्येही असा पंप शेजारी बसवता येतो. सिलिंडर मोटरच्या बराच वर, फक्त चढत्या पाइपच्या बाजूला लोंबकळतो. १५० मिलिमीटरच्या बोअरला जागा पुरेशी असते. १०० मिलिमीटरला अगदी बारीक सिलिंडरच जाईल. सिलिंडर सगळ्यात कोरड्या दिवसांतल्या पाण्याच्याही काही मीटर खाली असला पाहिजे. भिंतीवर लिहिलेला तो आकडा इथे कामाला येतो. बसवायची उत्तम वेळ म्हणजे मोटर दुरुस्तीसाठी वर काढलेली असते ती.

सूर्यावर चालणारा छोटा पंप

घराच्या गरजेला मोठा सोलर संच लागतो, हा समज खरा नाही. ३० मीटरवरून १००० लिटर आणायला प्रत्यक्ष काम ८२ वॉट-तासांचं आहे. पंपाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर २३५ वॉट-तास. १५० वॉटचा पॅनल दुपारी साधारण १०० वॉट देतो. त्यावर २४ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा) मिनिटाला ५-६ लिटर देतो आणि तीन-साडेतीन तासांत टाकी भरते. बॅटरी नको, टाकीच बॅटरीचं काम करते.

केबल जाड घ्या. ४० मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ४ अँपिअरला २४ पैकी जवळपास अडीच व्होल्ट वाया जातात. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर दीड. पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावलीही वीज बरीच घटवते. कोरडा चालू नये म्हणून पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर लावाच. डायफ्रॅम काही वर्षांनी झिजतो, तेव्हा सुटे भाग मिळतील असाच पंप निवडा.

घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर नेहमीची मोटर चालवायचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. १ अश्वशक्तीची मोटर चालताना हजार वॉटच्या वर घेते आणि सुरू होताना प्रवाह चार ते सहापट होतो. दिव्या-पंख्यांचा इन्व्हर्टर तो झटका झेलत नाही. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली, तर जेमतेम पाऊण तास पुरते. मी हा मार्ग सुचवणार नाही.

जनरेटर, आणि जीव वाचवणारे नियम

खोल बोअर, घरात माणसं बरीच आणि मोटर बसवलेली: अशा घराला जनरेटर हाच लवकरचा मार्ग. १ अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरला निदान ३ केव्हीएचा घ्या, कारण सुरुवातीचा प्रवाह जास्त असतो. जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच), तीही इलेक्ट्रिशियनकडून. घराच्या सॉकेटमध्ये उलटी वायर घालून वीज दिलीत, तर ती बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव घेते.

जनरेटर घरात, ओसरीत, बंद पडवीत चालवू नका. पेट्रोल इंजिनचा पंप विहिरीत उतरवून चालवणं तर सरळ मृत्यूला बोलावणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन नसलं तरी बंद विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि जड विषारी वायू तळाशी साठलेले असतात. जळता दिवा सोडून बघण्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड दिव्याला कळत नाही. एकजण बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो, मग तिसरा. अशीच माणसं जातात. पोहरा, दोर, पंप, काहीही पडलं तरी गळ वापरा. गळाला नाही आलं तर ते तिथेच राहू द्या.

पिण्याआधी

दोर-पोहऱ्याने काढलेलं पाणी पिण्याआधी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, २००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी ३ मिनिटं. इंधन नसेल तर ५-६ टक्के क्लोरीनचं, सुगंध न घातलेलं घरगुती ब्लीच लिटरला २ थेंब टाकून ढवळा आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी जाड फडक्यातून गाळा आणि ४ थेंब टाका. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल, तर आधी उपसा आणि पूर्ण विहिरीचं क्लोरिनेशन, मगच पिणं.

तालीम

दर तीन महिन्यांनी एक दिवस मेन स्विच बंद करून दिवसभराचं पाणी फक्त पर्यायी साधनाने काढा. चामड्याचा वायसर वापराविना सुकतो आणि कडक होतो. तो रात्रभर पाण्यात भिजवला की पुन्हा पकड धरतो. नवा वायसर, दोराची एक जोडी आणि हापशाला तोंडपाणी (सुरू करताना वरून ओतायचं पाणी) घालायला भरून ठेवलेली दोन लिटरची बाटली एकाच पिशवीत घाला. ती पिशवी अंधारातही हाताला लागेल अशा जागी, विहिरीजवळच टांगा.